पंचतारे आणि अप्पांचे कान

ऑफिसात त्याला पंचतारे म्हणत. नवीन माणसाला ते आडनाव वाटे आणि कुणी खुलासाही करत नसे. ज्या गृहस्थाने पायपुसण्याला चार तारे दिले, दात कोरायच्या काड्यांच्या डबीवर तीन परिच्छेद लिहिले आणि साडेतीन तारे द्यायची सोय नाही म्हणून वेबसाइटवाल्यांना सणसणीत पत्र पाठवलं, त्याला लोकांनी दुसरं काय म्हणावं? आपल्याला हे नाव पडलंय हे त्याला ठाऊक होतं. वरवर तो कपाळाला आठ्या घाली, पण आतून खूश असे.

दुकान या गोष्टीचा त्याला मनापासून तिटकारा होता. दुकानदार तेवढा लबाड आणि दुकानात जाणारा तेवढा मठ्ठ, अशी त्याने माणसांची सरळ वाटणी करून टाकली होती. शेजारी कोपऱ्यावरून बल्ब घेऊन येताना दिसला की तो जिन्यातच त्याला गाठी. "रिव्ह्यू न वाचता घेतलात?" असं तो खरोखर विचारी. शेजारी म्हणे, "अहो, पेटतोय की." त्यावर पंचतारे जे हसे ते त्या बिचाऱ्याच्या फार दिवस लक्षात राही.

त्याच्या स्वतःच्या बाथरूममधला बल्ब गेला तेव्हा घरातली माणसं पाच दिवस मेणबत्ती घेऊन आंघोळीला गेली. मालक बल्बांची तुलना करत होते. एकशे चाळीस बल्ब पाहून झाले, त्यातले सहा निवडले, सहांचा तक्ता झाला, आणि शेवटी आला तो बल्ब फोनवरून रंग बदलणारा होता. फोनचं आणि बल्बचं काही जमेना. बल्ब निळ्यावर अडकून बसला. बायकोने आठवडाभर निळ्या उजेडात केस विंचरले. "मेल्यावर मी कशी दिसेन ते एकदाचं कळलं," ती म्हणाली. त्याने कंपनीच्या मदतकेंद्राशी सत्तेचाळीस मिनिटं चॅट केलं. पलीकडे माणूस नाही, यंत्र उत्तरं देतंय, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी शेवटी त्याने यंत्राचे आभार मानले. बायकोचे त्याने कधी आभार मानल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

आता असा माणूस कामात ढिला असेल असं कुणाला वाटेल, तर तसंही नव्हतं. तो पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होता. निरनिराळ्या टाक्यांतून आणि विहिरींतून भरलेल्या बाटल्या त्याच्या टेबलावर येत. बाटलीवर ठिकाण लिहायचं नाही, नुसता नंबर घालायचा, म्हणजे कुणाचं पाणी तपासतोय हे तपासणाऱ्याला कळायला नको. यंत्राला आधी शुद्ध पाणी दाखवायचं, मग माहीत असलेला नमुना, आणि दोन्ही उत्तरं बरोबर आली तरच पुढच्या बाटलीला हात लावायचा. हे नियम तो इतके काटेकोर पाळी की त्याच्या आकड्यावर वरिष्ठ डोळे झाकून सही करत. चाचणी म्हणजे काय हे त्याला कळत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा जास्त राग येतो.

घरात माणसं तीन. तो, त्याची बायको आणि त्याचे वडील, अप्पा. मुलगी शिकायला दूर गेलेली होती आणि फोनवर आईशीच बोलायची. बायको बालवाडीत शिकवायची. तीसेक चिमुरड्यांना दिवसभर एका जागी बसवायचं तर आवाज खणखणीत लागतो आणि बोलताना समोरच्याच्या तोंडासमोर तोंड न्यावं लागतं. घरी आली तरी तिची ती सवय सुटत नसे. नवऱ्याला याचा वैताग होता. "मी काय बालवाडीत आहे का?" असं तो फोनमधून डोकं वर न काढता म्हणायचा.

अप्पांनी उभा जन्म विजेच्या मोटरी दुरुस्त करण्यात घालवला. चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले तरी रोज सकाळी नऊला ते वर्कशॉपमध्ये हजर. वर्कशॉप आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या एकाचं होतं. तो मालक झाला तरी त्यांना उस्तादच म्हणे. अडलेली मोटर आली की सगळे बाजूला होत. अप्पा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटरीच्या बेअरिंगपाशी टेकवत, मूठ कानामागच्या हाडाला लावत आणि डोळे मिटून उभे राहत. मग सांगत, "मागचं बेअरिंग. अजून पंधरा दिवस काढेल." मोटर उघडली की तसंच निघे. घरी त्यांना कुणी काही विचारत नसे, तिथे विचारत. म्हणून ते तिथे जात.

दोन वर्षांपासून त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. डॉक्टरांनी कान तपासले, या वयात ऑपरेशन नको, मशीन लावा म्हणाले आणि चार गल्ल्या सोडून असलेल्या एका कानतपासणी केंद्राचा पत्ता दिला. पंचतारे तिथे एकटाच जाऊन आला. एक लहानशी खोली, कपाटाएवढी जाड दाराची काचेची केबिन आणि पन्नाशीच्या एक बाई. बाई म्हणाल्या, "त्यांना घेऊन या. तासभर लागेल. मशीन बसवल्यावर ते जुळवायला आणखी दोन-तीनदा यावं लागेल." एवढं ऐकून हा बाहेर पडला आणि पायरीवरच उभा राहून त्याने लिहिलं, "दहा मिनिटांच्या कामाला चार खेपा. गिऱ्हाइकाला बांधून ठेवायचे जुने धंदे. एक तारा." वडिलांना नेलं नव्हतं, आत पाच मिनिटंही बसला नव्हता. पण मत तयार होतं आणि फोन हातात होता.

मग अकरा दिवस संशोधन झालं. जेवताना, बसमध्ये, संडासात. शेवटी त्याने जे मशीन मागवलं ते घरच्या घरी स्वतःच जुळवायचं होतं. फोनवरचं ॲप कानाची चाचणी घेणार, ज्याला जितकं कमी ऐकू येतं तितका आवाज मशीन आपोआप वाढवणार. तज्ज्ञ नको, केबिन नको, खेपा नकोत. पार्सल कुठे पोचलं हे तो दर तासाला बघत होता आणि दर तासाला घरात जाहीर करत होता. बायकोने एकदा विचारलं, "अप्पांना विचारलंत का, त्यांना असं चालेल का?" तो म्हणाला, "त्यांना काय कळतंय त्यातलं."

पार्सल आलं. खोका उघडतानाचा व्हिडिओ झाला. रविवारी सकाळी दहा वाजता अप्पांना खुर्चीत बसवलं, दोन्ही कानांत मशीन घातली आणि हा त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसला. फोन याच्याच हातात, कारण अप्पा बटण चुकीचं दाबतील.

"अप्पा, ही परीक्षा आहे. आवाज आला की बोट वर करायचं. मी बटण दाबतो."

अप्पांनी सुनेकडे पाहिलं. तिने तेच वाक्य त्यांच्या तोंडासमोर येऊन खणखणीत आवाजात सांगितलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. चाचणी सुरू झाली. कानात सूर वाजला की फोनच्या पडद्यावर एक गोल थरथरायचा. तो थरथरला की हा मोठ्या आशेने वडिलांच्या तोंडाकडे बघायचा. अप्पांनी सगळा वेळ त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. बोट वर जात होतं. पुन्हा वर जात होतं. एकही सूर चुकला नाही.

"सौम्य तोटा. किंचित मदत पुरेशी," असा निकाल आला.

"अप्पा, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत," तो हसत म्हणाला. बऱ्याच दिवसांनी पोरगा आपल्याकडे बघून हसतोय हे अप्पांना दिसलं. तेही हसले आणि मान डोलावली. त्याचाही व्हिडिओ झाला.

त्या व्हिडिओने कमाल केली. "कानाच्या नावाखाली चाललेली लूट संपली," असं शीर्षक देऊन त्याने दोन पानं लिहिली, पाच तारे दिले, आणि अकराशे लोकांनी हा अभिप्राय उपयोगी पडला असं कळवलं. वेबसाइटने त्याला 'सुवर्ण परीक्षक' हा किताब दिला. किताब म्हणजे त्याच्या नावापुढे एक पिवळा ठिपका. त्या ठिपक्याचा टेंभा तो ऑफिसात इतका मिरवू लागला की लोकांनी पंचतारे सोडून त्याला ठिपका म्हणावं का यावर गंभीर चर्चा झाली.

इकडे घरात काय चाललं होतं? अप्पा मशीन सकाळी घालत, झोपताना काढत, पुसून डबीत ठेवत. मुलगा फोनमध्ये डोकं घालून काही बोलला की ते "हो, हो" म्हणत. प्रश्नाला "हो" चालत नसलं तरी "हो" म्हणत. सून समोर येऊन मोठ्याने बोलली की मात्र नीट उत्तर देत. हा म्हणे, बघा, ऐकू येतंय की नाही? मशीन झकास आहे. लक्ष नसतं, एवढंच.

"अहो, त्यांना ऐकू येत नाहीये," बायको म्हणाली.

"ॲप सांगतंय येतंय."

"ॲपला विचारताय. अप्पांना विचारा ना."

"अप्पा काहीही सांगतील," तो म्हणाला आणि ॲपमधला आलेख तिच्या नाकासमोर धरला.

अशी सात महिने गेली. मग एका संध्याकाळी वर्कशॉपचा मालक अप्पांना घेऊन स्वतः घरी आला. अप्पांच्या मनगटाला पट्टी होती. झालं होतं असं, की टेबलावरची मोटर सुरू करायच्या आधी कामगाराने दोनदा ओरडून सांगितलं होतं आणि अप्पा पाठमोरे, तिच्यावर वाकलेले. बाही पट्ट्यात गेली. कुणीतरी बटण बंद केलं म्हणून मनगट मुरगळण्यावर निभावलं.

मालक आत यायलाही तयार नव्हता. "उस्तादांना उद्यापासून पाठवू नका," तो खाली बघत म्हणाला. "मला हे बोलताना कसं वाटतंय ते माझं मला माहीत. कान नीट झाले की मी न्यायला येतो. नाही झाले तर… मी त्यांचा हात गेलेला बघू शकणार नाही."

अप्पा एकदा मालकाच्या तोंडाकडे बघत होते, एकदा मुलाच्या. काहीतरी आपल्याबद्दल चाललंय एवढं त्यांना कळत होतं. सुनेने त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि फडताळात ठेवून दिला. त्या रात्री ते जेवले नाहीत. वर्कशॉप सुटलं तर हा माणूस खुर्चीत बसून वर्षभरात संपेल, हे बायकोला दिसत होतं. मुलालाही दिसलं असतं, पण तो मशीनचं सॉफ्टवेअर अपडेट करत होता.

यावेळी बायकोने त्याला विचारलंच नाही. कानतपासणी केंद्रात फोन करून वेळ घेतली आणि म्हणाली, "तुम्हीही यायचंय. तो तुमचा आलेख घेऊन." तिने हे बालवाडीतल्या आवाजात सांगितलं, म्हणून तो गेला.

बाईंनी त्याच्या फोनवरचा निकाल पाहिला. "चाचणी कुणी घेतली?"

"मी."

"फोन कुणाच्या हातात होता?"

"माझ्या. त्यांना जमलं नसतं."

"आणि तुम्ही समोर बसला होतात," बाई म्हणाल्या. त्यांनी अप्पांना केबिनमध्ये काचेकडे पाठ करून बसवलं. हा काचेपाशी जाऊन उभा राहायला लागला तसं म्हणाल्या, "तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा."

त्याला ते फार लागलं. पण बसला. चाळीस मिनिटं त्याने भिंतीवरचा रंग पाहिला. मधे एकदा चोरून मागे पाहिलं, तर अप्पांचं बोट खुर्चीच्या हातावर पडलेलं होतं आणि बाई एक बटण फिरवत फिरवत पार टोकाला नेत होत्या. बोट बराच वेळ हललं नाही.

चाचणी संपल्यावर बाईंनी कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. हाडातून पोचणारा आवाज त्यांना बऱ्यापैकी ऐकू येतो, हवेतून येणारा फार कमी. मोटर त्यांना कळते, कारण ती ते स्क्रूड्रायव्हरने हाडातून ऐकतात. माणूस कळत नाही. आणि या कानातल्या मशीनला निकाल चांगला मिळाला होता, म्हणून त्याने आवाज वाढवलाच नव्हता. सात महिने अप्पांनी कानात नुसते बोळे घालून काढले होते.

मग बाई अप्पांसमोर बसल्या आणि मोठ्याने, सावकाश म्हणाल्या, "काका, घरच्या परीक्षेत आवाज ऐकू येत होते का?"

"नाही," अप्पा म्हणाले.

"मग बोट कसं वर करत होतात?"

अप्पांनी मुलाकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखे ते ओशाळले होते. "याच्या भुवया वर जायच्या," ते म्हणाले. "त्या गेल्या की मी बोट वर करायचो."

"पण का?"

"परीक्षा आहे म्हणाला. इतक्या हौसेने आणलेलं. मी नापास झालो असतो तर हिरमुसला असता."

"आणि नंतर का नाही सांगितलं?"

"मशीन एकदम चांगलं आहे, असं सगळे म्हणत होते," अप्पा म्हणाले. "मला वाटलं, मशीन चांगलंच असणार. माझे कानच आता पुरते गेले असतील."

बायकोने तोंड फिरवून डोळे पुसले. बाई कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या. पंचतारेचे कान तापले. बाटलीवर ठिकाण लिहिलेलं पाणी त्याच्या टेबलावर आलं असतं तर त्याने ते ओतून दिलं असतं, आणि इथे त्याने स्वतःच्या तोंडावर उत्तरं लिहून बापाची परीक्षा घेतली होती. त्याला लाज वाटली, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. ती साधारण रस्ता ओलांडेपर्यंत टिकली.

निघताना बाई एवढंच म्हणाल्या, "तुमचा अभिप्राय वाचला होता मी. पायरीवर उभे राहून लिहीत होतात तेव्हा खिडकीतून दिसत होतात." फक्त नवीन मशीनला ॲप आहे का, हे त्याने विचारून घेतलं. होतं.

बरोबर तीन खेपा लागल्या. तिसऱ्या खेपेहून परत आले त्या संध्याकाळी अप्पा लहान मूल नव्या घरात हिंडतं तसे घरभर हिंडले. नळ गळतोय म्हणाले. फ्रिज दमलाय, याची मोटर बघायला हवी म्हणाले. सून काही सांगायला समोर आली आणि नेहमीच्या आवाजात बोलली तसे हसून म्हणाले, "हळू बोल, पोरी. शेजाऱ्यांना वाटेल भांडण झालंय." ती हसता हसता रडली. वर्कशॉपच्या मालकाला फोन झाला आणि तो म्हणाला, सोमवारी सकाळी गाडी घेऊन येतो. अप्पांनी फडताळातून स्क्रूड्रायव्हर काढून पुसला आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसले.

आतल्या खोलीत मात्र सुवर्ण परीक्षक अडचणीत होते. त्याच्या त्या जुन्या अभिप्रायाखाली कुणीतरी विचारलं होतं, "तुमचा व्हिडिओ पाहून आईसाठी हेच मशीन घेतलं. काहीच फरक नाही. तुमच्या वडिलांचं आता कसं आहे?" खाली आणखी चाळीस जणांनी हेच विचारलं होतं. उत्तर द्यायला हवं होतं, नाहीतर ठिपका जाणार. "चाचणी मी चुकीची घेतली," एवढे चार शब्द पुरले असते. ते त्याच्या मनात आलेही. पण ते अकराशे लोकांसमोर म्हणायचं होतं.

हल्ली तो टाइप करत नसे. फोनला सांगत असे आणि फोन लिहून घेत असे. फोनला नीट कळावं म्हणून एकेक शब्द सुटा, खणखणीत उच्चारावा लागतो. त्याने फोन तोंडासमोर धरला आणि इतक्या स्पष्टपणे बोलायला सुरुवात केली, जितक्या स्पष्टपणे तो गेल्या कित्येक वर्षांत वडिलांशी एकदाही बोलला नव्हता.

"सुधारित अभिप्राय. स्वल्पविराम. सात महिन्यांनंतर. पूर्णविराम. यंत्रात दोष नाही. पूर्णविराम. दोष वापरणाऱ्यात होता. पूर्णविराम. माझे वडील फारसे शिकलेले नाहीत. त्यांनी चाचणीत लबाडी केली आणि सात महिने माझ्यापासून लपवून ठेवली. पूर्णविराम. या वयाच्या माणसांच्या हातात चांगली वस्तू देऊन उपयोग नसतो. त्यांच्या शब्दावर कुणीही विसंबू नये. पूर्णविराम. पाच तारे कायम."

दार अर्धं उघडं होतं. सगळं खापर बापाच्या डोक्यावर फोडून, हात झटकून तो बाहेर आला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. अप्पा खुर्चीत बसले होते.

"काय अप्पा, स्पष्ट येतंय ना आता?" त्याने विचारलं.

"स्पष्ट येतंय," अप्पा म्हणाले. "शब्द न् शब्द."

त्याने समाधानाने मान डोलावली आणि नव्या मशीनलाही पाच तारे द्यायला हरकत नाही असं ठरवलं.

सोमवारी मालक गाडी घेऊन आला. अप्पा गेले. वर्कशॉपमध्ये त्यांचं झकास चाललं होतं, असं मालक बायकोला फोनवर सांगत असे. उस्ताद आता मागून हाक मारली तरी वळतात, चेष्टा केली तर उलट टोला देतात. घरी आले की मात्र ते पूर्वीसारखेच "हो, हो" करत. सून समोर येऊन मोठ्याने बोलली तर बोलत. याने काही विचारलं तर हसून मान डोलावत.

पंचतारेच्या हे तीन आठवड्यांनी लक्षात आलं आणि तेही अप्पांकडे बघून नव्हे, ॲपकडे बघून. मशीन किती वेळ चालू होतं याचा आलेख ॲप दाखवत असे. रोज सकाळी नऊच्या सुमाराला चालू, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बंद. रविवारी दिवसभर बंद. त्याने तीन आठवड्यांचा तक्ता केला आणि त्याच्या अंगात पुन्हा उत्साह संचारला. बॅटरीत दोष, हे उघड होतं. बाईंनी गळ्यात मारलेल्या महागड्या मशीनचे पाय मातीचे निघाले म्हणून त्याला आनंदच झाला. एका संध्याकाळी ऑफिसातून लवकर येऊन, सोफ्यावर बसून त्याने कंपनीच्या मदतकेंद्राशी चॅट सुरू केलं. यावेळी पलीकडे खरी बाई होती.

"आम्ही तुमच्या यंत्राची नोंद तपासली," तिने लिहिलं. "बॅटरी उत्तम आहे. यंत्र आपोआप बंद पडलेलं नाही. रोज बटण दाबून बंद केलं जातंय."

"कुठे?" त्याने विचारलं.

"ते तुम्हाला ॲपवर दिसेल, सर. शेवटची जागा बघा."

त्याने बघितलं. नकाशावर अठरा ठिपके, एकावर एक. वर्कशॉपमध्ये नाही, बसमध्ये नाही. सगळे त्याच्याच इमारतीच्या दारात.

"कोण बंद करतंय?" त्याने लिहिलं.

"ते आम्हाला इथून कळत नाही, सर. घरात विचारून बघा. आणखी काही मदत करू शकते का?"

उत्तर द्यायचं सोडून तो ॲपकडे बघत राहिला. सहा वाजून सात मिनिटं झाली होती. मशीन चालू असल्याची हिरवी खूण तिथे होती. खालून अप्पांचा आवाज आला. शेजाऱ्याशी बोलत होते. शेजारी हलक्या आवाजात काहीतरी म्हणाला आणि अप्पा मोकळेपणाने हसले. मग काहीतरी उत्तर दिलं, आणि शेजारी हसला. त्या दोघांचं बोलणं असं दोन-तीन मिनिटं चाललं, कुणीही आवाज न चढवता. मग शेजाऱ्याचं दार लागलं. फोनवरची हिरवी खूण विझली. जिन्यात पावलं वाजू लागली.

बायको दार उघडायला निघाली होती. तो तिच्या आधी गेला. अप्पा दारात आले, त्याला बघून नेहमीसारखे हसले आणि बूट काढायला खाली वाकले.

"अप्पा," तो त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाला, "मी ते लिहिलेलं काढून टाकतो."

अप्पा सावकाश नाडी सोडत होते. त्यांना ते ऐकू आलं नाही.